होडीच्या शेडमधलं नॅट : प्रकल्प नोंदी (जून ते डिसेंबर २०२४)

दुसऱ्या कुठल्या शाळेला असलं काही करायचं झालं तर आमच्या चुका तरी त्यांनी पुन्हा करू नयेत, म्हणून या नोंदी ठेवल्या. काम असं: १९७१ च्या युद्धात श्रीनगरला लढताना गेलेले हवाई दलातले परमवीर चक्राचे मानकरी, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांच्यावर शाळेत कायमचं प्रदर्शन, आणि मैदानाच्या कडेला त्यांच्या नॅट विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती. मुदत १४ डिसेंबर, म्हणजे ते गेले तो दिवस. गाव कर्ली खाडीच्या काठी. मी आयटीआयमध्ये फिटर शिकवायचो, आता निवृत्त. विमान याआधी बांधलेलं नाही, हे पुढे वाचताना कळेलच.

४ जून

शाळा समितीची बैठक. चिपीचं विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून पोरांच्या माना वरच असतात. समितीचं म्हणणं, एक मोठा फ्लेक्स लावू आणि मोकळे होऊ. पोरांना खरं विमान हवं. मी मध्ये पडून आकडे सांगितले आणि तिथेच अडकलो. नॅट हे लढाऊ विमान असूनसुद्धा लांबीला २९ फुटांच्या जरा आत आणि पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत २२ फूट. पंख वगळले तर आमच्या खाडीतल्या फायबर होडीएवढंच.

होडी बांधणारे दाजी शेजारच्या वाडीत राहतात. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "एवढांच इमान? माझी होडी तेच्यापेक्षा मोठी आसा."

माजी विद्यार्थ्यांकडून ६०,००० रुपये जमतील असा अंदाज. हा आकडा लक्षात ठेवा.

११ जून

मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, त्यामुळे दाजींची शेड दुरुस्तीच्या होड्यांनी भरलेली. आम्हाला मागचा कोपरा मिळाला, वर ताडपत्री. नेटवरून आराखडा उतरवून कुडाळला फ्लेक्सवाल्याकडे पूर्ण आकारात छापून घेतला. त्यावरून १८ मिमी प्लायचे अकरा वाक कापायला घेतले. होडीच्या बरगड्यांना वाक म्हणतात आणि तळाच्या मुख्य लाकडाला पठाण. दाजींशी बोलताना हेच शब्द चालले, विमानाचे शब्द कोणी वापरलेच नाहीत.

१९ जून

आठ दिवस पाण्यात. नववीतली एक मुलगी शेडमध्ये आली, छापील आराखड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, ह्येच्यात दोन सीटी कशाक?"

आराखडा प्रशिक्षण विमानाचा होता. नॅट दोन तऱ्हेचं. एक आसनाचं लढाऊ नॅट भारताने घेतलं आणि पुढे बंगळुरूला एचएएलने बांधलंही. दोन आसनांचं प्रशिक्षण नॅट ब्रिटनमध्ये राहिलं. रेड ॲरोज नावाचा त्यांचा कसरती करणारा चमू ते उडवायचा, म्हणून नेटवर त्याचीच चित्रं जास्त सापडतात. ते लांबीला पावणेबत्तीस फूट आणि पंखांना २४ फूट. भारताने ते कधी घेतलंच नाही. आम्ही सेखोंना नसलेल्या विमानात बसवायला निघालो होतो.

मोठ्या वाकातून छोटा वाक कापता येतो, म्हणून सात वाचले. चार गेले. प्लाय, छपाई आणि टेम्पो धरून ७,४०० रुपये बुडाले. आराखड्यावर पहिली नजर त्या मुलीची पडायला हवी होती.

२७ जून

नवीन आराखड्याने सुरुवात. होडी उलटी ठेवून बांधतात, पण विमानाचं अंग गोल, उलटं ठेवलं तरी प्रश्न तोच. यावर तोडगा दाजींचा: दोन होड्या बांधायच्या, एक पोटाची आणि एक पाठीची, आणि मग तोंडाला तोंड लावायचं. वाकांवर माणग्याच्या, म्हणजे इथल्या बांबूच्या कामट्या मारल्या. माणगा स्वस्त, वाकतो, आणि आमच्या परड्यातच होता. पण तो चांगला सुकलेला नव्हता. लवकरच कामट्यांतून पिवळी भुकटी पडायला लागली, म्हणजे आत कीड. पोटाच्या भागातल्या निम्म्या कामट्या काढून टाकल्या आणि उरलेल्यांना जळकं ऑइल फासलं.

ही दुसरी चूक. तेल लावलेल्या बांबूवर रेझिन, म्हणजे फायबरचा चिकट द्रव, धरत नाही. त्या कामट्याही काढल्या. शेवटी आठ दिवस चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवलेला माणगा वापरला. आजी लोक सुपं-रोवळ्यांसाठी तेच करायच्या. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

१० जुलै

आज कामाला हात लावला नाही, नुसतं बघत बसलो. पोटाच्या भागावर मॅट (काचेच्या तंतूंची चटई) आणि रेझिनचा पहिला थर ७ तारखेला दिला होता. तीन दिवस झाले तरी बोटाला चिकटतोय. जागोजागी दुधासारखे पांढरे डाग. बाहेर सलग पाऊस, शेडच्या जमिनीतून पाणी झिरपतंय.

दाजी स्वतः जुलैमध्ये नवीन होडी कधीच ओतत नाहीत, नुसती ठिगळं मारतात. मी घाई केली. त्यावर कडी म्हणून दुसऱ्या डब्यात हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, अंदाजाने वाढवलं. ते डब्यातच तापलं, धूर निघाला आणि दगड झाला. डबा बाहेर पावसात फेकला म्हणून निभावलं.

कारण साधं निघालं. काचेच्या मॅटने हवेतला ओलावा धरला होता. पांढरे डाग म्हणजे तो ओलावा. उपाय असा: ताडपत्रीची आतली खोली केली, त्यात कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तसे चार बल्ब लावले, मॅट रात्रभर आतच ठेवली, आणि एका वेळी दोन हातांएवढ्याच भागावर काम केलं. हार्डनर मोजून टाकायचं, वाढवायचं नाही. थर पातळ आणि सावकाश. बिघडलेला थर पटाशीने खरवडून काढायला तीन दिवस गेले. रेझिनचं नुकसान २,८०० रुपये.

१७ जुलै

आषाढी एकादशी, आणि सेखोंचा जन्मदिवसही. शेड बंद. घरी बसून फलकांचा मजकूर बघितला. त्यांचं गाव इसेवाल, जिल्हा लुधियाना. वडीलही हवाई दलातच होते. ४ जून १९६७ ला ते हवाई दलात अधिकारी झाले आणि पुढे १८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये नॅटवर. या स्क्वाड्रनचं नाव 'फ्लाइंग बुलेट्स'. ती आजही आहे, २०२० पासून तेजस उडवते.

एक फलक मी हट्टाने घालायला लावला. परमवीर चक्राचं पदक ज्यांनी रेखाटलं त्या सावित्रीबाई खानोलकर. जन्माने युरोपीय, मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या. खानोली आमच्या वेंगुर्ले तालुक्यात आणि खानोलकर हे आडनाव त्या गावावरून. पदकाच्या मध्यभागी राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, फीत जांभळी. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना सेखोंपेक्षा खानोली जवळचं वाटलं. चालेल. माणूस जवळच्या रस्त्यानेच लांब जातो.

५ ऑगस्ट

बंदी उठली, होड्या समुद्रात गेल्या, शेड मोकळी. दाजी मात्र हाती लागेनात. पंख मी आणि आयटीआयच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी बसवायला घेतले.

पंख टोकाकडे थोडे वर उचलून बसवले. खेळण्यातलं विमान तसंच असतं, पक्षीही तसाच दिसतो. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयातल्या नॅटचा समोरून काढलेला फोटो एका मुलाने आणून दाखवला. पंख पाठीच्या जवळून, उंचावरून निघतात आणि टोकाकडे खाली झुकतात. आमचं विमान हात जोडून वर बघत असल्यासारखं दिसत होतं, खरं नॅट खांदे पाडून उभं असतं. दोन्ही पंख उतरवले आणि मुळाशी पाचर घालून पुन्हा बसवले. चार दिवस गेले, खर्च नाही.

पुढच्यांसाठी एवढंच: विमानाचा समोरून काढलेला फोटो आधी मिळवा. बाजूच्या चित्रात ही चूक दिसत नाही.

१४ ऑगस्ट

चाकांचे पाय. स्कूटरची चाकं घेतली, जुनी, तिन्ही मिळून ९०० रुपये. नॅटचे पाय आखूड आणि एकमेकांजवळ असतात. विमान बसकं दिसतं, चढायला शिडीची फारशी गरज पडत नाही. पायांवरची झाकणं अर्धवट उघडून तीच हवेत ब्रेक म्हणून वापरायचे. हे वाचल्यावर झाकणं बिजागरीवर बसवायची मागणी आली. बसवली. पोरांनी दुसऱ्याच दिवशी एक तोडलं.

तोफा दोन, ३० मिमीच्या, हवा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांच्या कडेला एकेक. त्यासाठी प्लंबरकडून पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणले. परमवीर चक्रालाही इंग्रजीत थोडक्यात पीव्हीसी म्हणतात, त्यामुळे "सर, पीव्हीसीक पीव्हीसीची तोफ" हा विनोद त्या दिवशी निदान वीस वेळा झाला.

३० ऑगस्ट

२६ तारखेला मालवणात राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. चार दिवस गावात दुसरा विषय नाही. आज समितीने मला बोलावून एकच विचारलं: तुमचं विमान वाऱ्यात उभं राहील याची हमी कोण देणार?

खरं सांगतो, वाऱ्याचा विचार मी केला नव्हता. वजनाचा केला होता. पंख म्हणजे वारा धरायला तयार शिडं, आणि वजन जेमतेम साडेचारशे किलो. खरं नॅट रिकामं असताना दोन टनांच्या वर भरतं. कुडाळच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणलं, ३,००० रुपये. त्याने आमच्या नुसत्या चाकांवर उभं करण्याच्या बेतावर काट मारली. जांभ्याचा चौथरा, त्यात काँक्रीटचे तीन ठोकळे, त्यातून वर आलेलं लोखंडी चौकटीचं काम थेट पठाणाला बोल्टने जोडलेलं. चाकं फक्त दिसायला. लोखंड आणि वेल्डिंगचे १८,५०० रुपये अंदाजात नव्हतेच. पण हा खर्च मी कधीच फुकट गेला म्हणणार नाही.

७ ते १९ सप्टेंबर

गणपती. कोकणात या दिवसांत कोणी कामाला आला तर त्याचाच सत्कार करावा लागेल.

काम शून्य, पण या दिवसांतली एक गोष्ट लिहायलाच हवी. डोंबिवलीचे आमचे एक काका गणपतीला आले होते. सगळी नोकरी जहाजावर खलाशी म्हणून, आता सत्तरीच्या पुढे. आरतीनंतर शेडकडे चक्कर मारली. मी आपला सांगतोय, सेखों, श्रीनगर, परमवीर चक्र. काका गप्प. मग म्हणाले, "सेखों? मी सेखोंवर अकरा म्हयने होतंय."

आधी मला कळेना. शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावं दिली होती. त्यातलं एक 'फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों, पीव्हीसी'. काकांनी त्या जहाजाच्या नाळेवर ते नाव रंगवलंय. दोरीला बांधलेल्या पाटावर बसवून खाली सोडतात आणि ब्रश-डबा घेऊन लोंबकळत काम. जहाजावर अक्षरांच्या कडा वेल्डिंगने उठवलेल्या असतात, आत फक्त रंग भरायचा. "एवढा मोठा नाव, आमी कट्टाळत होतंव. वाचूक कोण बसता? सगळे नुसता सेखों म्हणीत. माका वाटला खंयचो तरी मंत्री असतलो."

शेवटचं पीव्हीसी म्हणजे काय, तेही कधी विचारलं नाही म्हणाले. मी तोफेचा किस्सा सांगितला नाही.

२४ सप्टेंबर

कॉकपिट. दांडा, मुठी आणि खटके सावंतवाडीला चितारआळीत लाकडाचे उतरवून घेतले. लाकडी फळं आणि खेळणी करणारे हात ते, सगळं एकाच दिवसात आणि मापात. पूर्ण प्रकल्पात पहिल्या झटक्यात बरोबर झालेलं हे एकमेव काम.

वरची पारदर्शक काच मात्र पूर्ण फसली. ४ मिमी ॲक्रिलिक बेकरीच्या भट्टीत गरम करून साच्यावर ओढायचा बेत. पहिला पत्रा फुगून पोळीसारखा झाला, दुसऱ्याला बुडबुडे आले, आणि बेकरीवाल्याच्या त्या दिवशीच्या पावांना वास आला. तो ओळखीतला म्हणून ओरडला नाही. ४,८०० रुपये पाण्यात. तिसरा प्रयत्न केला नाही. फायबरची बंद काच करून गडद निळा रंग दिला. जवळून वाईट दिसते, लांबून चालते.

१२ ऑक्टोबर, दसरा

पोट आणि पाठ जोडली, शेपूट बसवलं, खालचे टेकू काढले. विमान सावकाश मागे बसलं आणि नाक वर. सगळे हसले, मीही. मागचा भाग जड झाला होता, कारण शेपटाकडे मी भीतीने तीन थर दिले होते. नाकाच्या पोकळीत जांभ्याचे दोन चिरे फोडून बसवले आणि फटी रेझिनने भरल्या. नाक खाली आलं. परमवीर चक्रवाल्याच्या विमानात कोकणचा चिरा आहे, हे फलकावर लिहायचं नाही असं ठरलं. इथे लिहितोय.

१८ ऑक्टोबर

नेलं. शेडपासून शाळेपर्यंतच्या पाणंदीत दोन्ही बाजूंना गडगे आणि एक काटकोनी वळण. पंख काढले तरी अंग वळणार नाही, हे मोजून आधीच कळलं होतं. रस्त्याने जमलं नाही तर पाण्याने. दोन होड्यांची सांगड करून त्यावर आडव्या फळ्या टाकल्या. कोजागरीनंतर दोन दिवसांची, पुनवेच्या उधाणाची भरती धरली, कारण एरवी शाळेच्या धक्क्यापर्यंत होडी लागत नाही, गाळात रुतते.

दुपारी निघालो. पाणी चढतं असताना अर्ध्या तासाचं काम, आम्हाला दोन तास लागले, कारण मधल्या बांधाशी एक होडी टेकली. पलीकडच्या तीरावरचे लोक धावत काठावर आले. कोणीतरी चिपीचं विमान पडलं म्हणून ओरडलं. धक्क्यावरून मैदानापर्यंत खांद्यावरून, पालखीसारखं, चौदा माणसं. जाणाऱ्या-येणाऱ्या होड्या आणि डिझेल मिळून ४,००० रुपये.

२२ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. रंग थांबला.

६ नोव्हेंबर

रंग. चंदेरी. हवाई दलाच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा. रंगाऱ्याने एका पंखावर उलटं केलं, बाहेर हिरवा. त्याचं म्हणणं, झाडं बाहेर असतात. पुन्हा केलं.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान, शाळेत केंद्र. फलक चार दिवस आधी उतरवून मागच्या खोलीत ठेवले होते. आज बघितलं तर दोन फलकांच्या चौकटींना वाळवी. जमिनीवर ठेवायचे नव्हते. चूक माझी.

२८ नोव्हेंबर

मुख्य फलक. यावर जेवढा वाद झाला तेवढा विमानावरही झाला नाही.

पोरांचा पहिला मसुदा असा की सेखोंनी एकट्याने पाकिस्तानची सहाही विमानं पाडली आणि पडता पडता देशाला उद्देशून चार वाक्यं म्हटली. मी सगळं खोडलं. राग आला त्यांना. शिक्षकही म्हणाले, राहू द्या, पोरांचा उत्साह आहे. मी परमवीर चक्राचं मानपत्र समोर ठेवलं आणि एकेक वाक्य त्यातून तपासून घेतलं.

शेवटी फलकावर आलं ते असं. १९४८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवलेली नव्हती, युद्ध सुरू झाल्यावर गेली. त्यामुळे सेखोंना ना तो मुलूख ओळखीचा, ना ती उंची, ना डिसेंबरचं तिथलं बोचरं वारं. १४ डिसेंबर १९७१ ला पेशावरहून आलेल्या सहा पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानांनी श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला केला. उड्डाणाच्या तयारीत दोन नॅट. पुढे फ्लाइट लेफ्टनंट घुमण, मागे सेखों. पुढचं विमान उडालं, मागचं निघेपर्यंत बॉम्ब पडायला सुरुवात झाली, धावपट्टीवर धूळ. त्या धुळीतून सेखों उडाले. वर गेल्यावर दोघांची चुकामूक झाली आणि सेखों एकटे पडले. दोन सेबर त्यांच्या समोर आले. मानपत्रात म्हटलंय, एकावर मारा केला, दुसऱ्याला आग लावली. मग बाकीचे मदतीला आले आणि लढत एकास चार अशी झाली. झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर. शेवटी सेखोंचं विमान पडलं. अवशेष डोंगरातल्या घळीत सापडले, देह सापडला नाही. हवाई दलातले परमवीर चक्राचे ते आजवरचे एकमेव मानकरी.

"सहा पाडली" यात काय आहे? त्यात शेवट आधीच माहीत असतो. खरं मोठं ते एकास चार आहेत हे दिसत असताना, अनोळखी डोंगरात लढत राहणं. ते मुलांना कसं सांगायचं हे मला जमत नव्हतं, आणि फलकातूनही जमलेलं नाही, हे मान्य करतो.

८ डिसेंबर

आणि ते चुन्याने जमलं.

विमान बघायला येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच बोलतोय: "एवढांच?" पोरं हिरमुसली. नॅट मुद्दामच लहान, कमी खर्चाचं, साधं. शत्रूला ते दिसायलाच उशीर व्हायचा आणि १९६५ मध्ये त्याने सेबर पाडली तेव्हापासून त्याला 'सेबर स्लेयर' म्हणायचे. हे सगळं फलकावर आहे, पण कोण वाचतंय?

नववीतल्या त्याच मुलीने सुचवलं, की बाजूला सेबर आखूया. सेबर लांबीला ३७ फूट आणि पंखांनाही ३७ फूट. खो-खोचं मैदान आखतात तसं सुतळी, खुंट्या आणि फक्की, म्हणजे चुन्याची पूड. आधी एक आखलं. मग सहा. मैदान संपलं, सहावं सेबर शेपटाने कबड्डीच्या मैदानात घुसलं. पीटीचे सर नाराज.

चौथऱ्यावर उभं राहून बघितलं. सहा पांढरी विमानं जमिनीवर पसरलेली आणि कोपऱ्यात आमचं एक चंदेरी. कोणी काही बोलेना. एक पोरगा त्या रेषांमधून धावत गेला, पहिल्या सेबरच्या नाकापासून शेवटच्या शेपटापर्यंत, आणि दमून परत आला.

फक्कीचा खर्च ४२० रुपये. सहा महिने आणि लाखाच्या वर पैसे घालून जे जमलं नाही, ते त्या ४२० रुपयांनी झालं. दुसऱ्या कोणाला करायचं असेल तर आधी फक्की टाका, मग विमान बांधायचं की नाही ते ठरवा.

अडचण एकच: पहाटेच्या दंवाने रेषा पुसट होतात, आणि गुरं आत येतात. रोज सकाळी सातला पुन्हा आखणं. दोन पोरांची पाळी लावली.

१३ डिसेंबर

डोंबिवलीचे काका काल रात्रीच्या गाडीने आले, नाव रंगवायला. मी विमानावर नाव घालायच्या विरोधात होतो. खऱ्या विमानावर असं नाव नसतं, आणि इतकी मापं धरून शेवटी तिथे चूक कशाला. नाव चौथऱ्यावर, पुढच्या बाजूला.

जांभ्यावर सिमेंटचा गिलावा, त्यावर पांढरा रंग. काका बसले, आणि उठले. कडा नाहीत. जहाजावर कडा असायच्या, इथे अक्षर स्वतः काढायचं. शिवाय तिथे इंग्रजी, इथे देवनागरी. शाळेच्या चित्रकलेच्या बाईंनी पेन्सिलने अक्षरं आखून दिली. मग काकांनी ब्रश धरला. हात थोडा कापतो, पण रेषा मारताना थांबतो, कसा कोण जाणे. साडेतीन तास. मधे एकदा बाईंना विचारलं, "ह्यो मरालो तेवा केवढो होतो?"

बाईंनी सांगितलं, तिशीही गाठली नव्हती. काका काही बोलले नाहीत, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून तसेच बसले, मग पुढचं अक्षर.

झाल्यावर बघतो तर 'सेखो'. अनुस्वार राहिला. "जहाजार नव्हतो टिंब," म्हणाले. बरोबर आहे, इंग्रजीत कुठून असणार. दिला.

१४ डिसेंबर

कार्यक्रम झाला. भाषणं लांबली. माइक मधेच गेला.

२२ डिसेंबर

हिशोब, कोणाला उपयोग होईल म्हणून सगळा. प्लाय आणि लाकूड २४,६००. माणगा ३,२००. रेझिन, मॅट, हार्डनर वगैरे ४१,०००. लोखंड आणि वेल्डिंग १८,५००. ॲक्रिलिक ४,८००. रंग ९,७००. इंजिनिअर ३,०००. खाडीची वाहतूक ४,०००. फलक १४,०००. फक्की ४२०. दाजींची मजुरी २२,०००, निम्मीच घेतली. एकूण १,४५,२२०. अंदाज ६०,००० होता. उरलेलं दोन माजी विद्यार्थी आणि गणपतीतल्या चाकरमान्यांच्या पावत्यांतून आलं. चाकांचे आणि चितारआळीचे पैसे मी धरले नाहीत, ते माझे.

निव्वळ वाया गेलेलं: चुकीचा आराखडा ७,४००, बिघडलेलं रेझिन २,८००, काच ४,८००. पंधरा हजार.

राहिलेली कामं: उजव्या पंखाच्या मुळाशी केसाएवढी फट दिसतेय, पावसाआधी भरायची. तोडलेलं झाकण बसवायचं. मे महिन्यात खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजतील, ग्रीस लावायचं, दर दोन महिन्यांनी. काल सकाळी चौथ्या सेबरच्या पंखावर शेजाऱ्यांची म्हैस बसली होती, पाळीवाल्या पोरांनी तिच्या भोवतीने रेषा मारल्या आहेत.